दोन बैल मिळून पाव घोडा

परवा नातवानं विहिरीवर नवी मोटर बसवायला माणूस बोलावला होता. दोघं ओट्यावर बसून वाद घालत होते, पाच एचपीची टाकायची का साडेसातची. नातू म्हणत होता, साडेसातचीच टाकू, जास्तीची असली तर काय बिघडतं? मी शेजारी तांदूळ निवडत बसले होते. मी म्हटलं, "विहिरीला विचारलंस का?" दोघंही माझ्याकडे बघून हसले. म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसायची जी एक पद्धत असते ना, तशी.

आता त्या पोराला कसं सांगावं, की याच विहिरीच्या काठावर घोड्यांचा पहिला हिशोब त्याच्या या आजीनं मांडला होता. हिशोब चुकला असता तर एवढं वाटलं नसतं. हिशोब बरोबर आला, म्हणून तर सगळी फजिती झाली.

लग्न होऊन मी कामथडीला आले ती भोरहून. वडील शाळामास्तर. माझी मराठी सातवी झालेली, आणि ही गोष्ट मी कोणी न विचारता सांगत असे. शेजारीण विरजण मागायला आली तरी तिला विरजणाबरोबर माझी सातवी मिळायची. थोरला भाऊ पुण्याला शिकत होता. सुटीत तो घरी आला, की त्याची शास्त्राची पुस्तकं मी वाचून काढायची. वाचून काढायची म्हणजे पाठ करायची. समजलं नाही तर आणखी जोरात पाठ करायची. त्यातलंच एक वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं: तेहतीस हजार पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलायला जेवढी शक्ती लागते, ती एका घोड्याची शक्ती. हे वाक्य संसारात कधी उपयोगी पडेल, याची मी लग्न झाल्या दिवसापासून वाट बघत होते.

घरात माणसं चारच. मामंजी, आत्याबाई, हे, आणि मी. मामंजी म्हणजे सासरे. उंच, हाडापेराचे, बोलायला कमी. आत्याबाई, माझ्या सासूबाई, बुटक्या आणि बोलायला भरपूर. घरातलं सगळं बोलणं त्यांच्याच हातून जायचं, कारण त्या काळी सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नसे. समोर यायची वेळ आली तर पदर पुढं ओढून यायचं, आणि सांगायचं काही असलं तर ते सासूमार्फत.

त्यामुळे आमच्याकडे रोज सकाळी असं चाले. मामंजी ओसरीवर, मी माजघराच्या दाराआड, मध्ये उंबऱ्यावर आत्याबाई. मामंजी म्हणायचे, "सूनबाईला म्हनावं, च्यात गूळ लई झाला."

ते मला स्वच्छ ऐकू यायचं. तरी आत्याबाई माझ्याकडे वळून सांगायच्या, "च्यात गूळ लई झाला म्हनत्यात."

मी म्हणायची, "उद्या कमी घालते."

ते मामंजींना स्वच्छ ऐकू जायचं. तरी आत्याबाई तिकडं वळायच्या. "उद्या कमी घालती म्हनती."

असं चाललं होतं. पोस्टातल्या तारेत एखादा शब्द गळतो म्हणतात. आत्याबाईंच्या तारेत एखादा वाढायचा. तेवढं सोडलं तर काही अडत नव्हतं.

हे लग्नाआधी वर्षभर पुण्यात एका लोखंडी कामाच्या कारखान्यात राहून आले होते. येताना अंगात कोट आणि डोक्यात इंजिन घेऊन आले. विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं, त्याला पंप जोडायचा, की मोट बंद. दिवसभर बैलांच्या मागं हाकारत बसायला नको. पंपातून पाणी कसं उसळतं ते हे हात उडवून दाखवायचे, आणि मी ते डोळे मोठे करून बघायची. माझं इंजिनावर प्रेम बसलं त्याला मात्र दुसरं कारण होतं. मी कारण सांगते, पण हसू नका. शेण.

भोरला आमच्या घरी जनावर नव्हतं. शेण बघायचं ते रस्त्यावर, आणि तेही बाजूनं जायचं. इकडं गोठ्यात एक म्हैस आणि मोटेची जोडी. सकाळी उठून पाटीभर शेण काढायचं, ते परसात न्यायचं, गोवऱ्या थापायच्या. मराठी सातवी झालेल्या मुलीनं! बैल गेले की निम्म्याहून जास्त शेण गेलं, एवढा हिशोब मी इंजिनाच्या हिशोबाच्या आधीच केला होता.

कारण इंजिन घ्यायचं तर बैल विकायला लागणार होते. दुसऱ्या कशातून ते जमण्यासारखं नव्हतं, आणि मोट बंद झाल्यावर पोसायचे तरी कशाला, असं ह्यांचं म्हणणं. थोडी नांगरट असते, ती भाड्याच्या बैलांनी करू.

ती जोडी मामंजींची. वासरं होती तेव्हा हिर्डोशीकडून त्यांनी स्वतः चालत आणलेली. एक तांबडा, एक भुरा. त्यांना दुसऱ्या कोणी मोटेला जुंपलेलं मामंजींना खपायचं नाही, मुलानं जुंपलेलंसुद्धा नाही. ह्यांनी इंजिनाचं काढलं की ते फक्त "बघू" म्हणायचे. शेवटी एकदा जेवताना म्हणाले, "पुण्याचा इंजिनवाला हितं येऊ दे. हीर बघू दे. हिशोबात बसत असंल तर माझं काय म्हननं न्हाई. जोडी बाजारात जाईल."

एवढं बोलून ते ताटावरनं उठले. भाकरी अर्धी राहिली होती.

ह्यांनी पुण्याला कळवलं. इंजिनवाल्याचा उलटा निरोप आला, की येतो, पण आधी दोन गोष्टी काढून ठेवा: मोट किती वेळात किती पाणी काढते, आणि किती उंच उचलते. त्यावरनं किती घोड्यांचं इंजिन लागेल ते ठरेल. हे डोकं खाजवायला लागले. कारखान्यात ह्यांनी कानशीनं लोखंड घासलं होतं, पाणी कधी मोजलं नव्हतं.

"त्यात काय?" मी चुलीपुढून म्हणाले. "मी काढते. एक घोडा म्हणजे तेहतीस हजार पौंड…"

आणि झालं माझं सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून विहिरीवर. मोट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चामड्याची भली मोठी पिशवी, ती विहिरीत सोडायची. तिचा दोर, त्याला नाडा म्हणतात, चाकावरून येऊन बैलांच्या जुवाला बांधलेला. विहिरीच्या काठापासून एक उतरण केलेली असते, ती धाव. बैल त्या धावेवरून खाली जातात, तशी भरलेली मोट वर येते आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात रिकामी होते. तिथून पाणी पाटाला लागतं.

मी थारोळ्याचं तोंड चिखलानं बुजवलं आणि घासलेटच्या रिकाम्या डब्यानं आतलं पाणी उपसून मोजायला लागले. तो डबा चार गॅलनचा, हे मला माहीत होतं. पाणी किती डबे निघालं ते मोजायला आत्याबाईंना बसवलं. पहिल्या खेपेला त्या सहापर्यंत आल्या आणि वाटेनं चाललेल्या बाईला म्हणाल्या, "लेकीचं काय झालं गं?" परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला आठपर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, "हे मोजायचं कशापाई? पानी हिरीतलं ते पाटात चाललंय. कमी झालं काय नि जास्त झालं काय?" परत पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला मी मोजणं आणि उपसणं दोन्ही आपल्याकडे घेतलं. दहा डबे भरले. म्हणजे चाळीस गॅलन, गॅलनला दहा पौंड, म्हणजे चारशे पौंड.

मामंजी धावेवर उभे. त्यांनी एकदाही विचारलं नाही, हे काय चाललंय. थारोळं बुजवल्यामुळं मोट थांबवायला लागायची, तेवढा वेळ तांबड्याच्या मानेखाली खाजवत उभे राहायचे.

मग उंची. मी आत्याबाईंना म्हणाले, "मामंजींना विचारा, पाणी किती खोल आहे."

मामंजी म्हणाले, "पाच परस."

"पाच परस म्हनत्यात," आत्याबाई म्हणाल्या.

परस म्हणजे पुरुष. एका पुरुषाच्या मापानं विहिरीची खोली सांगायची जुनी रीत. पण पुरुष कोणता? मामंजी दारातून वाकून आत यायचे आणि हे त्याच दारात टाचा उंच करून कडी काढायचे. मी हा प्रश्न अगदी शास्त्रीय बुद्धीनं विचारला, "कोणाच्या मापाचा परस?" आत्याबाईंनी तो तिकडं पोचवलाच नाही. मला म्हणाल्या, "गप ऱ्हा. नवऱ्याची उंची काडत्यात व्हय चारचौघात?" शेवटी दोराला धोंडा बांधून मी तो पाण्यापर्यंत सोडला आणि वडिलांकडून आणलेल्या फूटपट्टीनं दोर मोजला. तीस फूट.

राहिला वेळ. ह्यांचं खिशातलं घड्याळ हातात घेऊन मी मोट बघत बसले. एक मोट वर येऊन, रिकामी होऊन, बैल परत काठाशी यायला दीड मिनिट.

घरी येऊन पाटी-पेन्सिल घेतली. चारशे पौंड, तीस फूट, बारा हजार. दीड मिनिटात बारा हजार, तर एका मिनिटात आठ हजार. घोड्याचे तेहतीस हजार. भाग घातला. पाव घोडा. पावालासुद्धा जरा कमीच, पण मोठ्या मनानं मी पाव धरला.

मला काय आनंद झाला! एवढे मोठे दोन बैल, एवढा कडबा, एवढं शेण, आणि शक्ती किती, तर पाव घोडा! आता मामंजींना पटायला काय हरकत होती? ही बातमी ऐकून त्यांना काय वाटेल, असा विचार सातवीत शिकवत नसत. मला तर वाटलं ते शाबासकी देतील.

रात्रीच्या जेवणाची पण वाट बघवेना. मामंजी दुपारचे भाकरी खायला बसले तशी मी दाराआड उभी राहिले. "आत्याबाई, मामंजींना सांगा, हिशोब निघाला. आपली जोडी पाव घोडा भरते."

"काय भरती?"

"पाव घोडा. दोघं मिळून."

आत्याबाईंनी क्षणभर विचार केला. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मी आता सांगू शकते. घोड्याला पाय चार. त्याचा पाव म्हणजे किती? त्या ओसरीकडं वळल्या. "ती म्हनती, आपली जोडी म्हंजे घोड्याचा एक पाय हाय."

मामंजींचा घास हातात राहिला. मग शांतपणे म्हणाले, "कंचा? म्होरला का मागला?"

"म्होरला का मागला, म्हनत्यात."

हे ओसरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसले होते. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं, पण खांदे हलताना मला दिसत होते. आणि मी? मी गंभीरपणे समजावून सांगायला लागले. "पायाचा प्रश्न नाही, आत्याबाई. तेहतीस हजार पौंड एका मिनिटात एक फूट उचलायचे…"

"पायाचा सवाल न्हाई म्हनती," आत्याबाई म्हणाल्या. "घोडं तेतीस हजार पौंड उचलतं म्हनती."

"कुनाचं घोडं?" मामंजींनी विचारलं.

भावाच्या पुस्तकात ते दिलं नव्हतं.

"आमाला एकच घोडं म्हाईत," मामंजी म्हणाले. "फाट्यावरच्या टांग्याचं. ते उभ्या उभ्या झोपा काडतं. त्ये माझ्या चार जोड्यांएवढं असंल तर बघू या की."

ते घोडं मीही ओळखत होते. कापूरहोळच्या फाट्यावरून भोरला माहेरी जायचं तर तोच टांगा. घोड्याच्या बरगड्या मोजता यायच्या, आणि चढ आला की टांगेवाला प्रवाशांना खाली उतरवायचा. पण पुस्तकात छापलेलं खोटं कसं असेल?

टांगेवाला मामंजींचा जुना दोस्त. दोन दिवसांनी तो टांगा घेऊन आला तो हसतच. "आबा, ह्या घोड्यानं भोरच्या सायबांना वाहिलंय. त्याला हिरीवर लावता व्हय?"

"सायेब उतरून चालत गेला आसंल चढाला," मामंजी म्हणाले. "सोड त्याला टांग्यातनं. आमच्या घरी त्याची किंमत लई वाढलीया."

जू घोड्याच्या मानेवर बसेना, म्हणून टांग्याच्याच पट्ट्यांना नाडा बांधला. वाटेवरची माणसं थांबली. मी आत्याबाईंच्या मागं थारोळ्याजवळ उभी, डोक्यावर पदर, पदराखाली घड्याळ.

टांगेवाल्यानं च्यक् च्यक् केलं. घोडं हललं नाही. त्यानं चाबूक नुसता हवेत वाजवला, आणि घोडं जे सुटलं ते धावेवरनं थेट खाली. मोट विहिरीतून उडाल्यासारखी वर आली, थारोळ्याच्या कडेवर आदळली, आणि निम्मं पाणी थारोळ्यात अन् निम्मं माझ्या अंगावर. मी नखशिखांत भिजले, पण आनंदानं उडी मारली. "बघा! बघा किती लवकर! आत्याबाई, सांगा त्यांना!"

आत्याबाई पदर पिळत होत्या.

मामंजी म्हणाले, "बरं. आता मागं घे."

आता इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. मोटेच्या बैलांची खरी करामत खाली जाण्यात नसते. मोट रिकामी झाली की ते तोंड न फिरवता, पाठीच्या बाजूनं, पाऊल मागं टाकत टाकत धाव चढून वर येतात. आमचा तांबडा तर मान खाली घालून असा मागं यायचा, जसा काही देवळातून देवाकडं पाठ न करता निघालेला माणूस. हे मी रोज बघत होते. इतकं रोज, की ते शिकवावं लागत असेल असं कधी मनातच आलं नाही.

टांगेवाला म्हणाला, "मागं, राजा, मागं." घोड्यानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. मग आमच्या सगळ्यांकडं पाहिलं. टांगेवाल्यानं त्याच्या छातीला हात लावून रेटलं, तर ते आणखी पुढं आलं. शेवटी सगळंच्या सगळं फिरलं, नाडा पायात गुंतला, रिकामी मोट विहिरीत अर्ध्यावर लोंबकळायला लागली. नाडा सोडवला, तसं घोडं निवांत चालत कडवळाच्या पेंढीपाशी गेलं आणि तांबड्याचं दुपारचं जेवण खायला लागलं.

माणसं हसून हसून खाली बसली. मामंजी तेवढे हसले नाहीत. आत्याबाईंना म्हणाले, "सूनबाईला म्हनावं, चार पाय हायती, पर मागं टाकायला एक बी न्हाई."

त्या आठवड्यात मला विहिरीवर पाण्याला जायची सोय राहिली नाही. बायका विचारायच्या, "काय गं, घोड्यानं मागं पाय घेतला का न्हाई अजून?"

पण हे अडून बसले. म्हणाले, इंजिनाला कुठं मागं यावं लागतं? ते एका जागी बसून फिरत राहतं. टांग्याचं घोडं आणि इंजिनाचा घोडा, ह्यांचा संबंध काय? बोलणं खरंच होतं. इंजिनवाल्याचा निरोप आला, की परवा येतो.

आदल्या संध्याकाळी मी पाटी घेऊन गोठ्यात गेले आणि दारातच थांबले. मामंजी आत होते. वाटीत तेल घेऊन ते भुऱ्याच्या खांद्याला चोळत होते. जू बसून बसून जिथं घट्टा पडतो ना, तिथं. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी बैलांचे खांदे असे मळतात. आणि बेंदूर तर अजून लांब होता, पाऊससुद्धा पडायचा होता. भुरा डोळे मिटून उभा होता. तांबडा आपली पाळी कधी येते म्हणून मान पुढं करत होता. मी पाटी न वाजवता परत फिरले. इंजिनाचं माझं प्रेम त्या दिवशी जरा पातळ झालं, हे खरं. पण हिशोबाचं नाही. तो मला अजून कोणाला तरी दाखवायचा होताच.

इंजिनवाला आला तो काळी टोपी, बूट, आणि हातात चामड्याची बॅग. बोलणं पुणेरी, स्वच्छ. विहिरीत वाकून त्यानं बघितलं. ऐन उन्हाळा असूनही सकाळची वेळ, रात्रभर झरे पाझरलेले, पाणी चांगलं वर होतं. तो म्हणाला, पंप इतक्या खालून पाणी वर ओढून घेत नाही, तेव्हा आत टप्प्यावर बसवावा लागेल. तिथून पुढं तो ढकलेल. मग ह्यांनी माझा हिशोब पुढं केला. मी थारोळ्याशेजारच्या आंब्याच्या खोडाआड, पदर नाकापर्यंत, कान मात्र उघडे.

"हा कोणी मांडला?" इंजिनवाल्यानं विचारलं.

ह्यांना चारचौघांत बायको म्हणायची लाज. म्हणाले, "आमच्या घरातनंच मांडलाय."

"अगदी बरोबर आहे. पाव घोडा पाण्यासाठी. पण पंप आपलं काही खातो, पाइपात घासून काही जातं, पट्टा घसरतो त्यात काही जातं. म्हणून त्याची दुप्पट धरायची. अर्धा घोडा."

आंब्याआड मी इतकी फुगले की खोड अपुरं पडलं असावं.

मामंजी म्हणाले, "मग अर्ध्या घोड्याचं द्या."

इंजिनवाला हसला. "एवढं लहान तेलाचं इंजिन आमच्याकडे नाही, आजोबा. सगळ्यात लहान तीन घोड्यांचं. जास्तीची शक्ती असली तर बरंच की."

मामंजींनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग कोणाकडेच न बघता म्हणाले, "तीन घोडं म्हंजे माझ्या बैलांच्या किती जोड्या?"

हे बोटं मोडायला लागले. इंजिनवाल्यानं खिशातली पेन्सिल काढली. इतका सोपा प्रश्न, आणि उत्तर द्यायला दोन पुरुष अडलेले! माझ्यानं राहवलं नाही.

"बारा जोड्या!"

आंब्यामागून आवाज आला आणि सगळे तिकडं वळले. मोटेच्या चाकावर बसलेला कावळासुद्धा उडाला. माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. सासऱ्यांशी, तेही परक्या पुरुषासमोर, आत्याबाईंशिवाय, थेट. लग्नानंतर मामंजींना मी उच्चारलेले पहिले शब्द ते. "बारा जोड्या." दुसऱ्या सुना काहीतरी बरं बोलल्या असतील.

आत्याबाई माझ्यावर ओरडतील असं वाटलं. पण त्यांना वेगळाच धक्का बसला होता. "अगं बाई! बारा?" त्या म्हणाल्या. "ह्या एका जोडीनं दुपारपातूर हिरीचा तळ दिसतोया. माझी घागर बुडत न्हाई, वाकडी करून भरती म्या. बारा जोड्यांनी ओढायचं काय, गाळ?"

इंजिनवाल्यानं वळून विचारलं, "दुपारी मोट बंद ठेवता?"

"ठेवायलाच लागती," मामंजी म्हणाले. "झऱ्याला भरायला वेळ नगं? बैलबी बसत्यात, हीरबी बसती. ऊन कललं की परत."

तो माणूस भला होता. त्याला इंजिन खपवायचं होतं, तरी तो परत काठावर गेला, खाली वाकला, आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "जाणारं सगळं वजा धरलं तरी हे इंजिन सहा जोड्यांचं पाणी उपसेल. तास-दीड तासात पंप हवा ओढायला लागेल. आधी विहीर खोल करा. पाणी लागलं तर मला बोलवा."

ह्यांचा चेहरा बघवेना. आणि माझा कोणी बघितला नाही, ते बरं झालं. मी डबे मोजले, दोर मोजला, मिनिटं मोजली, बैलांना घोड्याच्या मापात बसवलं. विहिरीत रोज पाणी येतं किती, हे मात्र मोजायचं राहिलं. रोज दुपारी आत्याबाईंच्या शेजारी उभी राहून मीही घागर वाकडी करूनच भरत होते की! त्या विहिरीला पाव घोडाच पुरत होता. तो गोठ्यात आधीच बांधलेला होता, आणि ते सिद्ध करून दिलं कोणी, तर मी.

मामंजी आंब्याच्या दिशेला वळले. आत्याबाई मध्ये उभ्या होत्या, त्यांच्या डोक्यावरून ते थेट म्हणाले, "सूनबाई, हिशोब लई ब्येस केलास."

मला स्वच्छ ऐकू आलं. तरी आत्याबाई सवयीनं माझ्याकडं वळल्या. "हिशोब लई ब्येस केला म्हनत्यात."

जोडी बाजारात गेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मामंजी धावेवर "चल माझ्या पाव घोड्या" म्हणून हाकारताना मला अंथरुणात ऐकू आलं. विहीर पुढं खोल झाली, इंजिनही आलं, पण तोवर तांबडा आणि भुरा आपलं आयुष्य आपल्याच गोठ्यात पुरं करून गेले होते.

आणि मी? मी त्या सकाळी पाटी घेऊन गोठ्यात गेले. शेण नेहमीएवढंच होतं. उलट आदल्या दिवशी पाहुण्याच्या गडबडीत काढायचं राहिलेलं, म्हणून जास्तच. मी कमरेत वाकलेली असताना मामंजी कडबा घेऊन दारात आले. मी पदर ओढला. ते गव्हाणीत कडबा टाकत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, पाव घोड्याचं शेन किती भरतं गं?"

मी पाटी उचलून बघितली. उचलेना. मी म्हणाले, "कामाला पाव घोडा असतील, मामंजी. शेणाला दोन पुरे बैल आहेत."

मामंजी हसले. मोठ्यानं, छातीतून. ते असे हसतात हे मला तोवर माहीतच नव्हतं.

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "काय म्हनती ती?"

"काय न्हाई," मामंजी म्हणाले. "आमचं आमचं चाललंय."